डग्गा काढून घेतल्यावर

मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेहून आले होते आणि पट्टी निघेपर्यंत आमच्याकडेच राहणार होते. टीव्ही बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही, त्यामुळे दिवसभर कानांवरच सगळी भिस्त. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की हॉलमधल्या खिडकीखालच्या लांब टेबलापाशी उभा राहतो. तिथे रेकॉर्ड वाजवायची दोन टर्नटेबलं, मधे त्यांचा आवाज मिसळणारा मिक्सर आणि मिक्सरच्या वरच्या अंगाला दोन लहान पेट्या आहेत, एक आवाज पुन्हा पुन्हा उमटवणाऱ्या इकोची आणि एक खालचे किंवा वरचे सूर छाटणाऱ्या फिल्टरची. त्या दिवशी एका जुन्या भावगीताची ईपी, म्हणजे लहान तबकडी, लावली होती. अंतऱ्याआधी बासरी आणि तबल्याचा एक तुकडा येतो, तेवढाच मी सुई मागे नेऊन पुन्हा पुन्हा घेत होतो. खालचे सूर हळूहळू छाटत नेले, बासरीच्या शेवटच्या सुराला इको दिला आणि सुई उचलली. सुई वर आल्यावरही बासरी काही क्षण खोलीत फिरत राहिली. मामा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. तसेच बसून म्हणाले, "बाळ्या, चांगलं गाणं आहे ते. त्याला आहे तसं का राहू देत नाहीस?"

आवाजात राग नव्हता, टोचून बोलणंही नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर गाणं ऐकत आलेल्या, भजनी मंडळात तबल्याला बसणाऱ्या माणसाने काळजीने विचारलं होतं. मी "बरं" म्हणालो आणि गाणं पहिल्यापासून लावून दिलं. ते शेवटपर्यंत सरळ वाजलं, मामांनी गुडघ्यावर ठेका धरला, मग आम्ही जेवायला बसलो. पण रात्री भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबलो असताना ते वाक्य परत परत कानात येत राहिलं. त्यांचा प्रश्न मला पटत होता आणि माझ्या त्या दोन पेट्याही मला सोडवत नव्हत्या.

आहे तसं म्हणजे नेमकं कसं, हे शोधायला मी अगदी सुईपासून सुरुवात केली. खाचेतून धावणारी सुई कार्ट्रिजमध्ये, म्हणजे ती जिच्यात बसवलेली असते त्या लहान डबीत, जी वीज तयार करते ती जेमतेम पाचेक मिलिव्होल्ट असते. या टप्प्यावर इको किंवा फिल्टरची पेटी जोडून उपयोग नसतो, एवढ्या क्षीण सिग्नलमध्ये पेटीची स्वतःची खरखरच जास्त भरते. आधी फोनो प्रीॲम्प लागतो. माझ्या मिक्सरच्या पोटात तो आहे. आणि हा प्रीॲम्प नुसता आवाज मोठा करून थांबत नाही. रेकॉर्ड कापतानाच गाण्यातले खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे फुगवलेले असतात. खालच्या सुरांना रुंद खाच लागते. ते आहेत तेवढे कोरले तर बाजूवरची जागा लवकर संपेल आणि सुई खाचेबाहेर उडेल. वरचे सूर उलट इतके बारीक की तबकडीच्या खरखरीत बुडून जातील. म्हणून १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण ठरवून दिलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा सूर मध्यावर धरला, तर २० हर्ट्झचा सुमारे २० डेसिबलने खाली आणि २०,००० हर्ट्झचा साधारण तितकाच वर. वाजवताना प्रीॲम्प याच्या बरोबर उलट करतो आणि तोल परत आणतो. जाताजाता तबकडीची खरखरही त्याच हाताने खाली बसवतो.

म्हणजे मामांना जे गाणं आहे तसं वाटलं, ते त्यांच्या कानापर्यंत येईतो दोनदा फिल्टरमधून गेलेलं होतं. कुतूहल म्हणून मी तीच ईपी प्रीॲम्पची उलटफेर न करता नुसती मोठी करून ऐकली. डग्ग्याचा मागमूस नाही, गायिकेच्या स्वराला अंग नाही, 'स' आणि 'च' कानाला चावतात, आणि बासरीपेक्षा वाजवणाऱ्याची फुंकच जास्त. खाचेत खरोखर कोरलेलं असतं ते हे. त्याला कुणीही गाणं म्हणणार नाही.

मामांच्या माळ्यावर लाकडी खोक्यात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आहेत. बहुतेक नाट्यपदं, थोडे ख्याल. लहानपणी मे महिन्यात आम्ही गेलो की एखाद्या दुपारी ते चावीचा ग्रामोफोन खाली काढत. त्यातल्या सगळ्यात जुन्या तबकड्या वीज न वापरता ध्वनिमुद्रित झालेल्या, म्हणजे १९२५ च्या आधीच्या. त्या काळी गायकाला एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गावं लागे. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची, सुई मेणात रेघ ओढायची. त्या भोंग्यातून साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच मधला पट्टा पार व्हायचा. शिवाय एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. ज्या रागाला मैफलीत तास लागतो तो त्यात बसवायचा. या तबकड्यांवर डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, नुसती वरची टिचकी येते. आणि मला स्पष्ट आठवतं, मामा अशा वेळी डावा हात त्या लाकडी खोक्यावर ठेवून स्वतः डग्गा भरायचे. मनगट दाबून घुमारासुद्धा काढायचे. तबकडीवर नसलेला आवाज ते त्या दुपारी खोलीत आणत होते, आणि आम्ही पोरं तो सगळा मिळून एकच आवाज समजून ऐकत होतो.

आजोळ मिरजेच्या पूर्वेला. शाळूचं रान, मधून गाडीवाट. जत्रेच्या दिवशी एसटीतून उतरलो की देऊळ दिसायच्या बरंच आधी गाणं कानावर यायचं. लिंबाच्या झाडाला कर्णा बांधलेला असायचा आणि त्याचं तोंड रानाकडे. कर्ण्याच्या घडणीमुळेच खालचे सूर त्यातून बाहेर पडत नाहीत. जे बाहेर पडतं ते नाकातलं, पातळ, पत्र्याचं. त्यात वारा. वारा आमच्याकडे वळला की गायिका शब्दांसकट जवळ यायची, वारा फिरला की नुसती चाल उरायची, तीही मोडकीतोडकी. मग एकदम सगळं बंद, चालताना वहाणांखालची माती ऐकू यायची आणि पुढच्या वळणावर गाणं पुन्हा मधूनच सुरू. त्या पातळ आवाजाने पोटात जी कालवाकालव व्हायची ती देवळापाशी पोचल्यावर, पाळण्याशेजारी, भर गर्दीत कधी झाली नाही. जत्रा म्हणजे माझ्यासाठी ते लांबून येणारं, अंग नसलेलं गाणं.

मी फिल्टरचा नॉब फिरवतो तेव्हा मला तेच हवं असतं.

खालचे सूर छाटत गेलं की गाणं रानापलीकडे जातं. वरचे सूर छाटत गेलं की ते भिंतीपलीकडे जातं. शेजारच्या कार्यालयातलं लग्न आपल्याकडे जसं पोचतं, नुसतं धुमधुम, शब्द एकही नाही, तसं. दोन्हीकडे तंत्र काहीतरी काढून घेण्याचंच, पण कानाला मिळतं ते अंतर. गाणं कुठून येतंय, मी त्याच्या कुठे उभा आहे, ते सगळं त्या एका नॉबच्या फेऱ्यात असतं. मामांनी त्यांच्या तरुणपणातली गाणी रेडिओ सिलोनवर ऐकली. शॉर्टवेव्हचा सिग्नल वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन वेगवेगळ्या वाटांनी येतो, त्या वाटा एकमेकींत मिसळताना कधी एक पट्टा गळून पडतो, कधी दुसरा, आणि आवाज आतून पिळल्यासारखा होतो. हल्ली फेझर नावाच्या पेटीत मुद्दाम असाच परिणाम करतात. मामा अजूनही एखादं गाणं गुणगुणताना एका ठरावीक ओळीला आवाज बारीक करतात. मी मागे विचारलं होतं तर म्हणाले, तिथे नेहमी स्टेशन जायचं.

टर्नटेबलला अशा पेट्या जोडण्याची कल्पना माझ्यापर्यंत आली ती जमैकातून. किंग्स्टन शहरात वॉटरहाउस नावाची वस्ती आहे. तिथे ड्रॉमिली ॲव्हेन्यूवर १८ नंबरच्या घरात ऑस्बोर्न रडॉक राहायचे, सगळं जग त्यांना किंग टबी म्हणतं. जन्म १९४१ चा. पेशाने इलेक्ट्रॉनिक्सचे कारागीर, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे. स्वतःची साउंड सिस्टिम चालवायचे, म्हणजे रस्त्यात, मैदानात मोठाले स्पीकर उभे करून रेकॉर्डींवर लोकांना नाचवायचं. घरातल्या एका खोलीत त्यांनी स्टुडिओ मांडला आणि गायकाला उभं करायला बाथरूम वापरली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेलं मिक्सिंगचं टेबल त्यांच्याकडे आलं. त्यावर एक मोठा नॉब होता, खालचे सूर छाटणारा. ७० हर्ट्झपासून ७५०० हर्ट्झपर्यंत, टप्प्याटप्प्याने. बनवणाऱ्यांनी तो बारीकसारीक घुमघुम काढायला दिला असणार. टबींनी तो वाद्यासारखा वाजवला. ढोल वाजतोय, बेस गिटार चाललीय आणि त्यांचा हात नॉबवर. प्रत्येक टप्प्याला गाणं एक पायरी पातळ होतं, शेवटी नुसती झांजेची चुरचुर उरते आणि मग एकदम सगळं वजन परत येतं. स्प्रिंगवर चालणारं रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाला घुमार देणारं यंत्र होतं, ते उचलून आपटायचे, की स्प्रिंगा एकमेकींवर आदळून वीज कडाडल्याचा आवाज. जमैकात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज वगळून तीच चाल देण्याची पद्धत होती. टबींनी त्या मागच्या बाजूचं स्वतंत्र संगीत केलं, त्याला डब म्हणतात. १९८९ मध्ये त्यांच्या घराबाहेरच गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. एवढं हळुवार ऐकणारा माणूस असा जावा याचा मला दरवेळी नव्याने त्रास होतो.

टबींची करामत मुख्यतः टेपवरची. नाचणाऱ्यांच्या समोर, फिरत्या रेकॉर्डवर हे करणारे माझे आवडते म्हणजे लंडनचे जाह शाका. जमैकात जन्मले, लहानपणी इंग्लंडला आले, दक्षिण लंडनमध्ये त्यांची साउंड सिस्टिम पन्नासेक वर्षं गाजली. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते गेले. सगळे डीजे दोन टर्नटेबलं ठेवतात, म्हणजे एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळता येतं. शाका एकच ठेवायचे. एक टर्नटेबल, प्रीॲम्प, इको, सायरनची पेटी. गाणं संपलं की खरोखर संपायचं. रेकॉर्ड बदलेपर्यंत हॉलमध्ये इकोचं शेपूट, सायरन आणि त्यांचा स्वतःचा आवाज. नवीन रेकॉर्ड सुरू केली तरी बेस, म्हणजे खालचे सूर, लगेच द्यायचा नाही. मी त्यांच्या रात्रींची ध्वनिमुद्रणं हेडफोनवर ऐकली आहेत. गाणं पातळ आवाजात बराच वेळ चालतं, लोक ओरडायला लागतात, मग खालचा पट्टा उघडतो आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याचा मायक्रोफोनच फाटतो. न्यूयॉर्कला लॅरी लेव्हॅन हे डीजे याच सुमाराला हेच वेगळ्या वाटेने करत होते. ८४ किंग स्ट्रीटवरच्या पॅरडाइज गराज या नाचाच्या क्लबात, १९७७ ते १९८७. रिचर्ड लाँग यांनी बांधलेल्या त्या सिस्टिममध्ये खालचे, मधले, वरचे सूर वेगळे काढून हातात दिलेले होते. आज बाजारातल्या साध्या डीजे मिक्सरवरही प्रत्येक चॅनेलला हाय, मिड, लो असे तीन नॉब असतात. खालच्या नॉबला हात लावताना मला ही माणसं आठवतात.

जोडणीचं थोडं सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. पेटी मिक्सर आणि ॲम्प्लिफायरच्या मधे घातली तर जे जाईल ते सगळंच तिच्यातून जातं. इको लावला की पूर्ण गाणं चिखल होतं. म्हणून मी इको मिक्सरच्या सेंड आणि रिटर्नवर ठेवला आहे. मूळ गाणं आपल्या वाटेने सरळ जातं, त्यातलं मला हवं तेवढं, हवं त्या क्षणी इकोकडे पाठवायचं. एका शब्दापुरतं उघडायचं आणि मिटायचं. तो एकच शब्द मागे रेंगाळतो, पुढचं गाणं कोरडंच राहतं. परत आलेला आवाज वेगळ्या चॅनेलवर घेतो, म्हणजे तोच परत इकोकडे पाठवता येतो आणि तो स्वतःवरच वाढत जातो. तिथे हात फार सांभाळावा लागतो. एका मर्यादेपलीकडे विरत जाण्याऐवजी तो फुगत जातो आणि कर्कश होतो. फिल्टर मात्र मधेच, पूर्ण आवाजावर. आणि टर्नटेबलांखाली जाड लादी, नाहीतर स्पीकरचा बेस टेबलातून सुईत शिरतो आणि घूं सुरू होतं.

फिल्टर हळू बंद करत ऐकलं की आपल्या भाषेबद्दलही काही कळतं. वरून छाटायला सुरुवात केली की आधी स, श, छ जातात. मग च, ट, क यांच्या कडा बोथट होतात. शब्द ओळखू येईनासे होतात तरी आ, ओ, ऊ टिकून असतात. म्हणजे कविता आधी जाते, गाणं नंतर जातं. खालून छाटायला घेतलं की पहिला डग्गा. आणि इथे मी एका संध्याकाळी थबकलो. तबला असलेली एक एलपी लावली होती, तीनतालातली गत. नॉब दोनशे हर्ट्झच्या आसपास नेला आणि 'धा' ऐकू येईना, त्याच्या जागी 'ना' आला. 'धिं' चा 'तिं' झाला. साहजिकच आहे, धा म्हणजे उजव्यावरचा ना आणि डाव्यावरचा घे एकत्र, त्यातला घे मी काढून घेतला होता. पण मग पुढचं लक्षात आलं, आणि मी अंगावर काटा येऊन उभाच राहिलो.

सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला 'खाली' येते, म्हणजे टाळी न देता हात उघडा दाखवायची जागा. धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत डग्गा मिटलेला, नुसता वरचा उजवा, आणि चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो, समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, आधीच, समेवर यायची ओढ तयार व्हावी म्हणून. खालचे सूर काढून घ्यायचे, ऐकणाऱ्याला थोडा वेळ अधांतरी ठेवायचं आणि परत द्यायचे. आमच्याकडे हे प्रत्येक आवर्तनात होतं, विलंबित असो की द्रुत. शाका हॉलमध्ये जे करायचे तेच, फक्त इथे वेळ आधीच ठरलेली आणि सगळ्यांना माहीत.

मामांची पट्टी निघाल्यावर मी त्यांना हे दाखवलं. आधी सांगितलं काहीच नाही. तीनतालाची तीच गत लावली, आठव्या मात्रेनंतर नॉब फिरवून ठेवला आणि परत आणलाच नाही. पुढचं आख्खं आवर्तन डग्ग्याशिवाय गेलं, त्याच्या पुढचंही. मामांचा डावा हात खुर्चीच्या हातावर आला आणि घे द्यायला लागला, माळ्यावरच्या खोक्यावर यायचा तसाच. मी तेराव्यानंतर नॉब सोडला, डग्गा परत आला, समेवर मामांनी मान दिली आणि हात थांबवला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "डग्गा नव्हता तेव्हा मला जास्त ऐकू येत होता." मी काहीही बोललो नाही, कारण याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

इकोबद्दल त्यांना पटवावं लागलं नाही. भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरवर इकोचं बटण आहे आणि अभंग सुरू होण्याआधी "इको दे रे थोडा" हे मंडळातल्या कुणाचं तरी वाक्य ठरलेलंच. पत्र्याच्या सभामंडपात, दहाबारा माणसांच्या आवाजाला त्या इकोने दगडी देवळाचा घुमार मिळतो. त्यांना कुतूहल होतं ते माझा इको लयीत कसा बसतो याचं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. इको ३७५ वर ठेवला की तो ठोक्यावर न पडता पाऊण मात्रेने येत राहतो. मी आकडे सांगत होतो तोवर मामांनी बोटांवर मोजून टाकलं होतं. "तीन मात्रांत चार बसतायत." बरोबर तेच. जुन्या यंत्रांमध्ये हे टेपवर चालायचं. रोलँडचं १९७४ चं स्पेस इको म्हणजे एका खोक्यात सैल फिरणारी टेप आणि तिच्या वाटेत आवाज परत वाचणारी तीन हेड. टेप जराशी डगमगते, जुनी झाली की मळते, म्हणून प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्यापेक्षा थोडी अंधारी आणि किंचित बेसूर. माझी पेटी डिजिटल आहे, तिच्यात तो मळ गणिताने आणला आहे. बरी आहे. खरी टेप ऐकली की फरक कळतो.

सांगलीत, मिरजेत, कोल्हापुरात मोठा झालेला कुणीही हे वाचताना विसर्जनाच्या मिरवणुकीकडे वळणारच, मीही वळतो. ट्रकवर रचलेली बेसची भिंत, मागे जनरेटर, छातीच्या फासळ्यांत शिरणारा ठोका. त्या आवाजाची ओढ मी नाकारत नाही. विशीत मी त्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचलो आहे. कायदा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतो, ती भिंत त्याच्या कितीतरी पलीकडे. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत शब्द पोचत नाहीत, चाल पोचत नाही, पोचतो तो फक्त बेस, कारण खालचे सूर घरांना वळसा घालून येतात आणि भिंतींनाही फारसे जुमानत नाहीत. तावदानं थरथरतात आणि ती उशीखाली डोकं घेऊन पडते. मला त्या भिंतीत सगळ्यात जास्त खटकतं ते हे की तिला तीनतालातल्यासारखी 'खाली' नाही. संध्याकाळी बेस उघडला की मध्यरात्रीपर्यंत तो कुणी काढून घेत नाही. जे सतत आहे ते थोड्या वेळाने ऐकू येणं थांबतं, मग आणखी वाढवावं लागतं. बाजूच्या ढोल-ताशा पथकात टोलाच्या मधे ताशा एकटा सुटतो तेवढ्यात लोक पाय उचलून थांबलेले असतात, टोल पडला की सगळी गल्ली खाली येते. आवाज तिथेही मोठाच आहे, पण त्याला श्वास आहे.

हाच न्याय मी माझ्या टेबलालाही लावतो. दर आठ ओळींनी फिल्टर फिरवणारा, एक गाणं दुसऱ्यात नेता आलं नाही की इकोचा पडदा टाकणारा डीजे मला नकोसा होतो, आणि तसे सेट हल्ली फार ऐकायला मिळतात. काढून घेण्याला कारण लागतं. काही रेकॉर्डींना मी हात लावत नाही. आलापाला लावत नाही. तिथे तानपुऱ्याची जवारी आधीच ते सगळं करत असते. मिरजेत घोडीवर दोरा सरकवत कारागीर जवारी लावतात, एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. तिच्यावर माझा फिल्टर चालवणं म्हणजे कुणी बोलत असताना मधे बोलणं. त्या संध्याकाळच्या भावगीताबद्दल माझं मन अजूनही दोन्हीकडे आहे. बासरीचा तो तुकडा इकोत फार सुंदर वाटतो. आणि मामा त्या गाण्यासोबत पन्नास वर्षं राहिले आहेत, हेही तितकंच खरं. ते असताना मी ते सरळ लावतो.

जायच्या आदल्या दिवशी चहा पिताना मामांनीच विषय काढला. "तीनतालाचं ठीक आहे. रूपकात काय करशील?" मी विचारच केला नव्हता. सात मात्रांच्या रूपकात समच 'खाली'च्या जागी. तिं तिं ना, धिं ना, धिं ना. पहिल्या तीन मात्रा डग्गा बंद, चौथीला उघडतो. म्हणजे ज्या क्षणाची सगळे वाट बघतात, नेमक्या त्याच क्षणी बेस नसायला हवा. क्लबातलं सगळं शास्त्र याच्या उलट आहे, तिथे पहिल्या ठोक्यावरच बेस परत येतो. मग मला रेगीचा, म्हणजे जमैकातल्या संगीताचा, वन ड्रॉप आठवला. चार ठोक्यांच्या घरात ड्रमवाला पहिला ठोका रिकामा सोडतो आणि तिसऱ्यावर किक आणि स्नेअर, म्हणजे पायाचा मोठा ड्रम आणि हाताखालचा लहान ड्रम, एकदम देतो. पहिली जागा रिकामी ठेवून तिच्याभोवती नाचायचं. मी मामांना तशी एक रेकॉर्ड ऐकवली. ते पहिल्या ठोक्यावर टाळीऐवजी हात उघडा धरत गेले, खाली दाखवतात तसा.

आता एका टर्नटेबलावर वन ड्रॉप आणि दुसऱ्यावर रूपकातली एलपी असं लावून बघायचं ठरलं आहे. चार आणि सात दर अठ्ठावीस मात्रांनी भेटतात. तबलजी घड्याळाबरहुकूम वाजवत नाही, त्यामुळे पिचच्या, म्हणजे टर्नटेबलचा वेग कमीजास्त करणाऱ्या दांडीवर हात सतत ठेवावा लागेल. वर-खाली आठ टक्के मिळतात, तेवढे पुरावेत. पुढच्या महिन्यात तपासणीला मामा येतील तेव्हा करू. फिल्टर कुठे सोडायचा यावर मात्र आमचं फोनवर अजून चाललं आहे. मला चौथीच्या किंचित आधी हात हलवावासा वाटतो, म्हणजे धिं येईतो दार अर्धं उघडलेलं असेल. मामा म्हणतात, चौथीच्या आत नॉबला हात लावायचा नाही.